आर्केडियातली विहीर

आर्केडिया या शब्दाचा मला अजूनही राग येतो. हे ग्रीसमधल्या एका डोंगराळ मुलखाचं नाव. इंग्रजीत मात्र आर्केडिया म्हटलं की मेंढरं, बासरी, झुळझुळणारा ओढा आणि जिथे कोणाला कसलीच ददात नाही असं खेडं. ऐंशीच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियात इंग्रजीचं एम.ए. करत होतो. आमच्या प्रोफेसरबाईंनी या शब्दावर पेपर लिहायला सांगितला. त्या कोर्सला निदान बी ग्रेड मिळाला नाही तर माझी असिस्टंटशिप, म्हणजे फी आणि खर्चाची सोय, जाणार होती, आणि ती गेली की मी गावी परत.

पंधरा दिवस लायब्ररीत ठिय्या दिला. पुस्तकांतून भलतंच निघालं. खरा आर्केडिया खडकाळ आणि गरीब. तिथली माणसं ओकच्या झाडाची बोंडं खाऊन राहतात, असं इतर ग्रीक म्हणायचे. तरुण पोरं पोटासाठी परक्यांच्या लढाया लढायला बाहेर पडायची. सुखाचं खेडं रंगवलं ते दूर शहरात बसलेल्या कवींनी, आणि इंग्रजीने ते आयतं उचललं. हे सगळं मी अठरा पानं टाइप केलं. बाई खूश होतील अशी माझी खात्री होती.

बाईंनी पेपर परत दिला. "तो मुलूख कसा होता हा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. "लोकांनी त्या नावात काय पाहिलं ते महत्त्वाचं. आणि तू तर खेड्यातून आलायस. तुझ्या गावाबद्दल लिही. एक आठवडा देते." बाई स्वभावाने चांगल्या होत्या, त्यामुळे धड चिडताही येईना.

आमचं घर विदर्भातल्या एका खेड्यात, गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवस्तीत. विहीर वरच्या आळीत. आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून चार हात लांब उभी राहायची. कोणाला दया आली की ते वरून पाणी ओतायचे. कधी कधी त्यात दुपार व्हायची, आणि मी तिच्या पदराला धरून पायांना चटके सोसत उभा असायचो. हा माझा आर्केडिया.

अपार्टमेंटवर आलो तर पुण्याचा रूममेट कुकर लावत होता. "अरे सोप्पं आहे यार," तो म्हणाला. "विहीर, आंबे, बैलगाडी, टाक लिहून. मी व्हेकेशनला मामाच्या गावी जायचो ना, इतकं रिलॅक्स वाटायचं." त्याला सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, आणि मग मलाच त्याची समजूत काढत बसावं लागलं असतं. मला त्याचा आधीच कंटाळा आला. मी कांदे चिरायला घेतले.

खरं लिहायला चार वेळा बसलो. दर वेळी आईबद्दलच्या वाक्यापाशी हात अडायचा. तिला तिथे, त्या उन्हात, वर्गासमोर उभी करायची माझी तयारी नव्हती. सहाव्या दिवशी, मुदत संपत आली तेव्हा, मला शाळा आठवली. सातवीत 'माझे गाव' हा निबंध आम्हाला गाईडमधून पाठ करावा लागे. वर्गातल्या चाळीस पोरांचं गाव एकच असायचं. लहान पण टुमदार, मधोमध देऊळ, शेजारून वाहणारी नदी, विहिरीवर हसत पाणी भरणाऱ्या बायका, आणि सगळे गुण्यागोविंदाने नांदणारे. आमच्या गावाला नदी नव्हती. तरी मला दहापैकी आठ मार्क मिळाले होते. तोच निबंध मी जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला. बाईंसाठी एक मेंढपाळ घातला. शेवटी भरीला लिहिलं, की शाळेतून येताना मी त्या विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायचो.

त्याला ए मिळाला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि विहिरीपाशी त्यांचा आवाज भरून आला. अठरा पानं खरं लिहिलं ते कचऱ्यात, आणि सातवीतली पोपटपंची डोक्यावर. माझं डोकं फिरलं होतं, पण चिडायचं कोणावर हेच कळेना. लिहिलं तर मीच होतं. रूममेटने पहिलं पान फ्रिजवर चिकटवलं.

असिस्टंटशिप वाचली, बाबांना मार्क बघून बरं वाटेल, म्हणून मी मूर्खासारखी त्याची झेरॉक्स घरी पाठवून दिली. बाबा चौथी शिकलेले. ते इंग्रजी कोणाकडून तरी वाचून घेतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. आधी पाऊसपाणी, बहिणीचं बाळंतपण, आईचा गुडघा. मग खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"तुझा लेख मास्तरांनी मराठी करून आम्हा दोघांना वाचून दाखवला. ए मिळाला, आनंद झाला. तुझी आई तेव्हापासून नीट जेवली नाही. ती विचारते, तू विहिरीवर पाणी प्यायचास ते आम्हाला सांगितलं का नाहीस, आणि तेव्हा तुला कोणी पाहिलं तर नव्हतं ना."