लेकीचं मंगळसूत्र मी ओवलं

आमच्या कोल्हापुरात बाईनं एखादा छंद धरला की लोकांना त्याचं कारण लागतं. मी नवरा असतानाही मणी ओवत होते, तो गेल्यावरही ओवत राहिले. तो असताना कुणी ढुंकून बघितलं नाही. आता मात्र गल्लीतल्या बायका येतात, माझ्या ताटातल्या मण्यांकडं बघतात आणि मान तिरकी करून म्हणतात, "बरं झालं बाई, तेवढंच मन रमतंय." अगं, मन रमवायला मी काय बालवाडीत आहे? मला मणी आवडतात. एवढं साधं उत्तर कुणाला पटत नाही.

नवीन काही शिकायचं म्हटलं की क्लासवाल्या बाया टपलेल्याच असतात. एकीनं आम्हाला कागदाच्या सुरळ्या करून कानातली शिकवली. दिसायला गोड, पण पावसात घालायची नाहीत! कोल्हापुरात, जिथं चार महिने टॉवेल वाळत नाही! दुसरीनं मातीचे झुमके शिकवले. माझ्या जोडीतला एक भाजताना फुटला आणि उरलेला एवढा जड की कानाची पाळीच खाली यावी. मग रेझिनचं खूळ आलं. त्यात खरी फुलं घालून लॉकेट करायचं. मी शेवंती घातली. महिन्याभरात शेवंतीला आतल्या आत बुरशी चढली. क्लासवाली म्हणते, "नॅचरल लुक आलाय की ताई." डोंबलाचा नॅचरल लुक.

शेवटी मोबाईलवर बघून बघून मी बारीक मण्यांचं विणकाम शिकले. त्यात प्रत्येक मण्यातून सुई दोनदा जाते आणि दोऱ्याऐवजी तंगूस वापरायची, मासे धरायच्या गळाला असते ती. एकदा विणलं की कात्रीशिवाय सुटायचं नाव नाही. हे काम मला जमलं. मनापासून जमलं.

अशातच लेकीचं लग्न ठरलं. पाहुणे वारणानगरचे, मुलगा डेअरीत नोकरीला, दारात चार म्हशी. लेकीनं बैठकीतच सांगून टाकलं, "माझं मंगळसूत्र आई ओवणार." मला काय वाटलं ते सांगत नाही. पदराआड नाक पुसलं एवढंच.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मी आक्का म्हणते. त्या माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "तसल्या हातानं नको गं."

"तसल्या म्हणजे कसल्या?" मी मोठ्यानं विचारलं. आक्का पंख्याकडं बघायला लागल्या. ह्याच आक्कांनी महिला दिनाला माईक धरून विधवांना मान द्या म्हणून भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. मान द्यायचा, मंगळसूत्राला हात मात्र लावू द्यायचा नाही. वा रे वा!

त्या दिवसापासून ते मंगळसूत्र नुसतं दागिना राहिलं नाही. वर्षाच्या आत ते तुटलं असतं तर दोऱ्याला कुणी बोललं नसतं, माझ्या हाताला बोललं असतं. म्हणून मी ठरवलं की हे काही झालं तरी तुटणार नाही. विधवेनं ओवलेलं मंगळसूत्र कसं असतं ते आक्कांना दाखवतेच.

काळे मणी आणायला सराफांच्या गुजरीत गेले. तिथला म्हातारा पटवेकरी आयुष्यभर दागिने गाठवत आलाय. तो म्हणाला, "वैनी, ठिऊन जावा की. दुपारपातूर गाठवून देतो." मी म्हटलं, "तुमची गाठ वर्षात झिजते." तो नुसता हसला. मला वाटलं, अडाणी माणूस, ह्याला काय कळतंय माझं काम.

आठ दिवस बसून विणलं. तंगूस चार-चार वेळा फिरवली. सोन्याच्या दोन वाट्या लोंबून हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी मण्यांत शिवून पक्क्या केल्या. उलट्या ठेवून शिवल्या, कारण नव्या नवरीच्या वाट्या उलट्याच असतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. आणि सोळाव्या दिवशी सासू त्या सुलट करते, हेही तेच शेंबडं पोरगं सांगेल. मला मात्र आठ दिवसांत एकदाही आठवलं नाही. इतकी मी माझ्या टाक्यांवर खूश होते.

लग्नात सगळ्यांनी नावाजलं. आक्कांनी नख लावून टाके तपासले. काही सापडलं नाही. माझं जेवण त्या दिवशी गोड लागलं.

सोळाव्या दिवशी विहीणबाईंनी वारणानगरला बोलावलं. "पाहुण्यांकडं एकटी कशी जातीस," म्हणत आक्काही आल्या. विहीणबाई म्हणजे खणखणीत आवाजाच्या, हाताला कायम पेंडीचा वास. लग्नात त्यांनी माझ्या कामाला "मण्याचं काम ग्वाड हाय" एवढंच म्हटलं होतं, तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात मोडीत काढलं होतं.

लेकीला पाटावर बसवलं. विहीणबाईंनी वाट्या चिमटीत धरल्या आणि फिरवल्या. फिरेनात. ओढून बघितलं. लेकीची मान लाल झाली.

"अवो पावणं, ह्ये काय शिवून टाकलंया व्हय?"

आक्का हळूच म्हणाल्या, "म्हणूनच मी सांगत होते." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की पुरणपोळी खाऊनही येणार नाही.

आता कापण्यावाचून गत नव्हती. पण मंगळसूत्र कापायचं म्हणजे काय? आमच्यात ते तुटलं तरी तुटलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. विहीणबाई मात्र जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून सुनेच्या गळ्यात घातलं, मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं, पेंडीची पोती कापायची कात्री आणली आणि माझ्यापुढं धरली. "तुमी ओवलंया, तुमीच कापा. कुठनं कापायचं आमाला काय ठावं?"

मी कात्री घेतली. तंगुशीखाली पातं सरकवलं. आणि माझा हात थांबला.

ज्या बाईनं भर बैठकीत "तसल्या म्हणजे कसल्या" विचारलं होतं, ती ही मीच. आणि माझ्याच डोक्यात आलं, की ह्या हातानं नको. माझ्या जावयाला काही झालं तर? कात्री मी आक्कांपुढं केली. "आक्का, तुम्ही कापा. तुमचं कुंकू शाबूत आहे."

आक्कांनी लगेच पदर सावरून हात पुढं केला. माझ्या लेकीनं ती कात्री मधल्या मधे काढून घेतली.

"आई, मी सांगून आलते ह्या घरात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आईच ओवणार, नायतर लग्न नको म्हणून. ह्या सगळ्यांनी एका शब्दानं व्हय म्हटलं. आणि तूच म्हणतीस व्हय, तुझा हात नको?"

तिनं कात्री परत माझ्या हातात दिली. मी कापलं. मणी फरशीभर उडाले. विहीणबाई सगळ्या घराला ओरडत होत्या, "सरका सरका, मणी तुडवू नका," आणि स्वतः गुडघ्यावर बसून मण्यांच्या मागं रांगत होत्या.

त्यांच्या पुढच्या सोप्यात बसून मी पुन्हा ओवलं. साध्या दोऱ्यात, वाट्या सैल सोडून, गुजरीतला म्हातारा गाठवतो तसं. वीण नाही, टाका नाही, काही नाही. अर्ध्या तासात झालं. विहीणबाईंनी वाट्या सुलट केल्या आणि म्हणाल्या, "घाला आता, तुमच्याच हातानं घाला."

मी लेकीच्या मागं उभी राहिले आणि घातलं. समोर भिंतीवर आरसा होता. त्यात ती वाट्या सरळ पडल्यात का ते बघत होती. तिच्या चेहऱ्याच्या वर, त्याच आरशात, मी होते. कात्री परत दिल्यापासून तिनं माझ्याकडं बघितलं नव्हतं, आताही बघितलं नाही.