उबाल्दिनाचे जांभळे ओठ

उंच डोंगरावरच्या साल्यापाताच्या खाणीवर उबाल्दिना लारिकोचं नाव निघालं की लोक आधी हसत आणि मग आवाज खाली करत. तिच्या जिभेला हाड नव्हतं. बायकांनी खाणीत पाऊल टाकायचं नाही, डोंगरातली म्हातारी देवी जळफळते, असं पुरुष सांगत. त्यावर ही म्हणे, "तुमच्यासारख्या ध्यानांवरून जळायची वेळ तिच्यावर अजून आलेली नाही." नवरा गेल्यापासून ती इतर बायकांबरोबर बाहेरच्या उतारावर बसे, खाणीतून फेकलेले दगड फोडी आणि त्यात चुकून राहिलेलं सोनं वेची. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि जागेवर तिचा चुन्याने रंगवलेला धोंडा. धोंडा आहे तोवर जागा तिची.

वारा एवढा बोचरा, की सगळ्याजणी नाकापर्यंत लोकरी फडकं गुंडाळून बसत. त्या फडक्याआड उबाल्दिना ओठांना लाली लावायची. एकदा थकवा मारणारी कोकाची पानं चघळायला तोंडात टाकताना तिने फडकं खाली ओढलं, तेव्हा शेजारच्या फेलिपाने ते पाहिलं.

"कुणासाठी गं एवढा थाट? दगडांसाठी?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा दगड बरे. निदान घोरत तरी नाहीत."

हशा पिकला आणि विषय टळला. लालीखाली तिचे ओठ जांभळे पडले होते. पहाटे डोकं ठणकायचं, कानात शिट्टी वाजत राहायची, झोपेत श्वास अडला की ती धडपडून उठायची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. विरळ हवा फक्त खालून आलेल्यांना बाधते, अशी साल्यापाताची पक्की समजूत. इथेच जन्मलेल्याला ती बाधली, तर डोंगराने त्याला नाकारलं म्हणायचं. अशी बाई उतारावर ठेवली तर सगळ्यांच्याच दगडांतलं सोनं आटतं, म्हणून तिचा धोंडा उचलायचा आणि तिला खाली धाडायचं.

शेवटी ती गुपचूप दवाखान्यात गेली. येसिका नर्सने बोट टोचून रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"रक्त फार दाट झालंय, बाई. हवा कमी म्हणून शरीर रक्त वाढवतं. तुझ्या शरीराला थांबायचं कुठे तेच कळलं नाही."

"पण मी इथलीच आहे ना!"

"इथल्यांनाच होतो हा आजार. वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना. खाली समुद्राकडे गेलीस तर उतरेल. नाही गेलीस तर एक दिवस गुठळी होईल, नाहीतर हृदय थकेल."

"आणखी कुणाला आहे?"

"तपासायला येतं कोण? सगळ्या लपतात."

उबाल्दिना तिथून निघाली ती विचार करतच. आणि चार दिवसांनी भर उतारावर, हातोडा उचलता उचलता कोसळली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, फडकं सुटलं, लाली धुऊन गेली. तिने डोळे उघडले, तेव्हा बायकांच्या संघाची प्रमुख रुफा, सगळ्यांची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, उबाल्दिनाचा धोंडा उचलून चालली होती. उबाल्दिनाला रडू आलं, आणि त्या रडण्याचा तिला भयंकर राग आला.

रविवारी फुटबॉलच्या मैदानात बैठक भरली. रुफाने धोंडा पायाशी ठेवला होता.

"डोंगराला तू नको झालीस, उबाल्दिना. आमच्या पोटावर पाय आणू नकोस."

"दोन्या, हे तुम्हाला डोंगर कधी बोलला? मला तर त्याने बत्तीस वर्षांत ओ दिलेली नाही."

"थट्टा पुरे. तुझे ओठ सगळ्यांनी पाहिलेत."

"माझे पाहिलेत." उबाल्दिनाने फडकं गळ्यातून काढून मैदानात फेकलं. आज लाली नव्हती. "आता तुमचे दाखवा. एकेकीने."

वाऱ्याने फडकी तेवढी फडफडत होती. उबाल्दिनाला धाप लागली होती, तरी तिने आवाज चढवला. "का गं? डोंगराच्या लाडक्या ना तुम्ही? मग भिता कशाला?"

सगळ्यात आधी फेलिपाने फडकं खाली ओढलं. तिचे ओठ पिकलेल्या जांभळासारखे होते. "मला वाटायचं मी एकटीच," ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. मग तिच्या मागची, मग आणखी दोघी. काहींचे ओठ चांगले होते, पण त्यांनाही आता मान वर करवेना.

"दोन्या," उबाल्दिना म्हणाली, "आता तुम्ही."

रुफाने फडक्याची गाठ घट्ट धरून ठेवली होती. मग तिचा हात आपोआप सुटला आणि फडकं खाली घसरलं. तिच्या ओठांचा रंग शाईसारखा होता.

"कोणाकोणाचे धोंडे उचलणार आहात?" उबाल्दिनाने विचारलं. "उतरायचं असेल तेव्हा मी उतरेन. माझ्या पायांनी, मी ठरवीन त्या दिवशी. डोंगर मला हाकलणार नाही, आणि तुम्ही तर नाहीच."

तिने स्वतःचा धोंडा उचलला. वाटेत श्वासासाठी तिला पुनःपुन्हा थांबावं लागलं, पण कुणालाही तिने हात लावू दिला नाही. धोंडा जागेवर ठेवून ती त्याच्यावरच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसिकाने दवाखान्याचं दार उघडलं, तर बाहेर बायकांची रांग. वारा झोंबत होता, पण एकीच्याही तोंडावर फडकं नव्हतं. सगळ्यात पुढे रुफा.

"बघतेस काय?" ती खेकसली. "टोच बोट."