छातीइतकं जोतं

"पाय फुडं घे," दादासाहेब म्हणाला.

मी घेतला. का घेतला ते मला आजपत्तूर कळलेलं न्हाई. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, आन तो माझ्या थोरल्या पोराच्या वयाचा. तोंडावर मी त्याला तुमी म्हणतो. हितं म्हणणार न्हाई.

त्यानं घमेल्यातला गेरूचा खडा उचलला. आमी गवंडी त्यानं भिंतीवर खुणा करतो. तो वाकला आन माझ्या गुडघ्यावर, पँटीवर, आडवी तांबडी रेघ ओढली. मग माझ्या प्लॉटवर मी छातीइतक्या उंचीला ताणून बांधलेली दोरी बोटानं दाखवली.

"ती दोरी सोडायची. तुझं जोतं हितवर. गुडघ्याच्या वर एक दगड दिसला तर बघ."

त्याच्याबरोबरची दोघं हसली. एकानं मोबाईल वर करून फोटो काढला. माझी बायको, सुमन, डोक्यावर वाळूची पाटी घेऊन हुबी व्हती. दोन बिगारी व्हते, ते मान खाली घालून चाळलेलीच वाळू परत चाळाय लागले.

मी म्हणालो, "व्हय दादासाहेब."

एवढंच घडलं. शिवी न्हाई, हात उचलला न्हाई. तो गाडीवर बसून गेला. मी मात्र भ्यालो, इतका की पळत आडोशाला जाऊन आलो. खरं ते सांगतो, लाजायचं कशाला.

जोतं म्हंजे घराचा चौथरा. जमिनीपासनं दगडानं वर काढायचा, त्यावर भिंती हुभ्या करायच्या. आमच्या कृष्णाकाठी, वाळव्याच्या अंगाला, पुरात घर राहणार का जाणार ते जोत्यावर ठरतं. आन आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. कागदावर तिला आता नगर म्हणतात. गावाच्या तोंडात अजून वाडाच हाय. नदी चढली की पाणी पहिलं आमच्यात येतं. शेवटच्या मोठ्या पुरात माझं मातीचं घर सहा दिवस पाण्यात व्हतं. ओसरल्यावर बघाय गेलो तर भिंती बसलेल्या आन पत्रा त्यांच्यावर उताणा.

रस्त्याच्या पल्याड दादासाहेबाचा बंगला. दुमजली, उसाच्या पैशाचा. पाणी तिथंबी गेलं. पायऱ्या चढत चढत वरच्या पायरीपाशी थांबलं. घरात थेंब न्हाई शिरला, कारण जागा वर आन जोतं उंच. ते जोतं कुणी काढलं? मी काढलं. फरशीबी मीच बसवली, चार महिने गुडघं टेकून. वास्तुशांतीला गवंड्याला आत बोलवून, पाटावर बसवून टॉवेल-टोपी देतात. मला खालच्या पायरीपाशी हुबं करून दिली. वर चढाय लागलो तर त्याची आई म्हणाली, "र्‍हाऊ दे, र्‍हाऊ दे, आत पूजा मांडलीया." मी टोपी घातली, हात जोडले, माघारी आलो. तवाबी व्हयच म्हणालो असंन.

मग घरकुल मंजूर झालं. सरकारचा पैसा टप्प्याटप्प्यानं येतो. जोतं झालं की फोटो, फोटो गेला की फुडचा हप्ता. पण सरकारनं धरलेलं जोतं ठेंगणं. मला पायजे व्हतं छातीइतकं, पुराच्या वर. तेवढा जास्तीचा दगड आन आत भरायला मुरूम, सगळं माझ्या पदरचं. सुमनच्या कानातलं गेलं त्यात. ती हसत हसत म्हणाली व्हती, "आवं, छातीइतकं जोतं म्हंजे घरात काय शिडीनं चढायचं?"

"सात पायऱ्या करतो की."

"करा. म्हातारपणी तुमाला वर वढायला मीच हाय."

असं चाललंवतं आमचं. आन मग तो आला, गेरू घेऊन.

त्यानं रेघ मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मुरमाच्या ट्रॉलीवाल्याचा फोन आला. म्हणाला, ट्रॅक्टर बिघडलाय. ट्रॅक्टर समोरच्या रस्त्यानं दुसऱ्याकडं मुरूम टाकत चाललेला मला दिसत व्हता. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका मळ्यावरचं माझं काम थांबलं. मालक म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." तोवर मी त्याच्या भिंती खिडकीपत्तूर आणल्या व्हत्या. अर्धी भिंत कोण सोडतं दिवाळीपत्तूर? मला कळलं काय ते. दारात मोटरसायकल थांबली की माझ्या हातातली थापी थांबायची. ज्यानं थांबवली तो बिचारा पत्ता विचारायला आलेला असायचा.

चौथ्या दिवशी मी छातीवरची दोरी सोडली आन गुडघ्यावर बांधली.

सुमननं बघितलं. पाटी खाली ठेवली. मला वाटलं रडंल, न्हाईतर भांडंल. तिनं नुसतं विचारलं, "आवं, गोदाक्काचं जोतं खाली घ्या म्हणून कोण आलंवतं?"

गोदाक्का माझी थोरली चुलत बहीण. इधवा. वस्तीत तिचं घर मीच बांधलं, मोठ्या पुराच्या आधी. बांधताना ती म्हणालीवती, "आरं, आनखी दोन थर घाल की. पैसं हायत माझ्याकडं." मी म्हणालोवतो, "बास हाय अक्का. उगं गावाच्या डोळ्यावर येतं." पुरात तिची मागची भिंत गेली. आता लेकीकडं शिराळ्याला असती. जावयाच्या दारात म्हातारपण काढती.

"सांगा की. कोण आलंवतं?"

"कुणी न्हवतं आलं," मी म्हणालो.

"आन बाकीच्यांची? त्यांच्या टायमाला?"

मी तिथंच दगडावर बसलो. वस्तीत अकरा घरं माझ्या हातची. एकेकाचं जोतं डोळ्याफुडं आणलं. सगळी सारखी. गुडघ्याएवढी. गावात बांधायचो तवा माझा हात कमरेच्या वर जायचा, छातीला जायचा. आमच्यात आलो की गुडघ्याला थांबायचा. कुणी सांगितलं न्हवतं. कुणी धमकी दिली न्हवती. त्यानं रेघ आत्ता मारली. मी ती वीस वर्षं पाळत आलोवतो, न मारता. अकरा घरांत पाणी शिरलं त्यात माझाबी हात व्हता, आन प्रत्येक वेळी मी म्हणालोवतो, बास हाय, कशाला उगं.

मला स्वतःची किळस आली. दादासाहेबाचा रागबी आला, पण तो मागनं आला.

त्या दिवशी काम केलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी लेव्हलची नळी काढली. साधी प्लास्टिकची नळी, आरपार दिसणारी. पाणी भरायचं, एक टोक हिकडं धरायचं, एक तिकडं. मधी किती बी अंतर असू दे, दोन्हीकडं पाणी सारख्याच उंचीला थांबतं. बंगल्याच्या गेटाजवळ विजेचा खांब हाय. त्यावर पुराची खूण हाय, सरकारी माणसानं पांढऱ्या रंगानं मारलेली. पाणी कुठवर चढलंवतं त्याची. ती खूण मला रस्ता ओलांडून माझ्या जागेवर आणायची व्हती.

सुमन म्हणाली, "खांबापाशी मी हुबी र्‍हाते. तुमाला जमायचं न्हाई." बरोबर म्हणाली.

सगळा गाव कामाला निघायचा टाईम. वैरणीच्या बैलगाड्या, दुधाचे कॅन, शाळेची पोरं. रस्त्यावर आडवी नळी टाकलेली. लोकं थांबून बघाय लागली. सुमन त्या खांबाला टेकून, नळीचं टोक पांढऱ्या खुणेला धरून हुबी. हिकडं मी कोपऱ्यात रोवलेल्या बांबूपाशी दुसरं टोक धरलेलं.

गेट वाजलं. दादासाहेब बाहेर आला. तोंडात ब्रश तसाच.

"काय लावलंय रं हे सकाळी सकाळी?"

मी म्हणालो, "पुराची खूण न्हेतोय. माझ्या जाग्यावर."

तो थुंकला. "मी काय सांगितलंवतं?"

"गुडघा."

"मग?"

तिकडनं, त्याच्या अगदी शेजारनं, सुमन ओरडली, "आवं, हालवू नगा की नळी! पाणी थांबंना झालंय!"

माझा हात थरथरत व्हता. इतका की नळीतलं पाणी वर-खाली, वर-खाली. सगळ्या रस्त्याला दिसत व्हतं. आयुष्यात एवढी लाज वाटली न्हवती. वीस वर्षं लोकांच्या भिंती ओळंब्यात, सरळ हुभ्या केल्या मी, आन एक नळी धरता येईना. मी खिशातली सुतळी काढली आन नळीचं टोक बांबूला बांधून टाकलं. हात मोकळा केला. पाणी हळूहळू थांबलं. बरोबर माझ्या छातीवर.

मी बांबूवर खूण केली. मग त्याच्याकडं बघितलं. डोळ्याकडं न्हाई बघता आलं, बनियनकडं बघून बोललो.

"दादासाहेब, पाणी हितवर येतंय. जोतं ह्याच्या वर एक थर जाणार."

"म्हंजे आमच्या बरोबरीला?"

"पाणी तुमच्यात शिरलं न्हाई. माझ्यात बी शिराय नगं. तेवढंच येतंय, त्याला मी काय करू?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कोण ते बघायची हिंमत झाली न्हाई. दादासाहेबानं ब्रश हातात घेतला.

"गावात गवंडीकाम करायचं हाय न्हवं तुला?"

"करायचं हाय."

"कोण देतंय बघतो."

"बघा," मी म्हणालो.

माझ्या तोंडनं गेलं खरं. तो आत गेला, गेट आपटलं, आन मी दगडाच्या ढिगावर जाऊन बसलो. सुमन नळी गुंडाळत आली. म्हणाली, "उठा. माल वाळंल." शिमिटाचा माल तर कालवलाच न्हवता अजून. मग दोघं हसलो. हसता हसता ती रडाय लागली.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. गावातलं काम बंद झालं ते बंदच हाय. मी आता एसटीनं इस्लामपूरला जातो, नाक्यावर हुबा राहतो. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं तिथं मिस्त्री म्हणून हुबी असतात, आन मला कधी कधी बिगारी म्हणून नेतात. मुरूम कुणी टाकला न्हाई. पडक्या घराचे दगड, फुटकी कौलं, तुकडे, सगळं आमी दोघांनी घमेल्यानं वाहून जोत्याच्या पोटात भरलं. वरच्या थरापुरता मुरूम लांबच्या खाणीवरनं, दुप्पट भाड्यानं आणला. पंचायतीत अर्ज पडला की माझ्या जोत्यानं रस्त्याचं पाणी तुंबतं. माणूस येऊन मापं घेऊन गेला. आमच्या तात्पुरत्या शेडवर दोनदा दगड पडला, भर दुपारी, सुमन एकटी असताना. तवापासनं ती दाराशी खोरं ठेवती. मी कामावरनं येताना वळणावर आलो की आधी बघतो, शेड जाग्यावर हाय का. रोज बघतो. ही भीती कमी झालेली न्हाई, आन कमी व्हईल असंबी वाटत न्हाई.

पण जोतं झालं. पुराच्या वर एक थर. भिंती अजून न्हाईत.

गेल्या आठवड्यात पोपट आला. वस्तीतलाच, तरणा, दोन लहान पोरं. त्याचं घरकुल मंजूर झालंय. चहा प्याला, हिकडचं तिकडचं बोलला, आन मग हळूच म्हणाला, "नाना, माझं जोतं पहिल्यासारखंच घ्या. आपल्याला भानगड नगं."

"आन पूर?"

"पूर काय रोज येतोय व्हय? हे लोक रोज हायत."

मला त्याचा राग आला न्हाई. खोटं काय बोलत व्हता तो? मीबी हेच बोलत आलो. त्याच्या दोन पोरांकडं बघून माझ्या तोंडाशी 'बरं' आलंवतं.

"पोपट, मग दुसरा गवंडी बघ," मी म्हणालो.

"आवं नाना, वस्तीत दुसरा हाय कोण?"

"न्हाई कुणी. म्हणूनच सांगतोय. हितनं फुडं आपल्यातलं जोतं पुराच्या वर निघंल. न्हाईतर माझ्या हातनं निघणार न्हाई. तू पाया पडलास तरी न्हाई. पैसं कमी पडलं तर माझी मजुरी धरू नगंस, पण खाली घे म्हणू नगंस."

तो रागानं उठून गेला. येईल का न्हाई ठाऊक न्हाई. दुसऱ्या गावचा गवंडी आणील कदाचित. आणू दे. भीती मलाबी हाय, त्याच्यापेक्षा कणभर जास्तच. पण भ्यालेल्या माणसाचं ऐकून जोतं काढायचं मी बंद केलंय. त्यात मीबी आलो.