एका रुपयाचा इसार

आमच्या घरात माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी लोणच्यासारख्या मुरत ठेवल्या आहेत. पाहुणे जेवायला बसले की बायको बरणी उघडते, "ते दुर्बिणीचं सांगा ना." मी सांगतो. लोक जिथे हसतात तिथे थांबतो. त्याच्या पुढचं कधी सांगितलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. कापसाची गाडी वजनकाट्यावरून उतरली की शेतकरी चिठ्ठी घेऊन पैशांसाठी माझ्या टेबलाशी येतो. जिन तीन पाळ्यांत धडधडत होती त्या काळात ओव्हरटाइमच्या पैशांतून मी नागपूरहून आकाश पाहायची दुर्बीण आणली. चांगली तिपाईवरची. शेजाऱ्यांनी गच्चीवर रांग लावून चंद्र पाहिला, आणि एकाने शांतपणे विचारलं, "भाऊ, तिथं कापसाले काय भाव आहे, तेवढं पाहून सांगा." माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. शनी दिसल्यावर ती म्हणाली, "बाबा, याले बांगडी कोणं घातली?" तो शौक तिथून दोघांचा झाला.

मग बोंडअळीची वर्षं आली. जिन दिवाळीला सुरू होऊन संक्रांतीलाच थंड पडू लागली. उरलेले महिने अर्धा पगार. अशाच एका वर्षी मुलीला यवतमाळला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी सवलतीत बसत होती, होस्टेलचं डिपॉझिट मात्र सोमवारपर्यंत भरायचं होतं. अर्धे पैसे माझ्या खात्यात होते. "उरलेले अर्धे दुर्बिणीत आहेत," मी म्हणालो. मुलीनेच फोटो काढले, जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर जाहिरात टाकली आणि मला बजावलं, "बाबा, कोणाचाही फोन आला तरी पिन सांगू नका."

"वीस वर्षं पैशाच्या टेबलावर बसून राह्यलो, तू मले शिकवतं?"

तिचा शब्द मी पाळला, हे आधीच नोंदवून ठेवतो. पिन मी शेवटपर्यंत कोणाला सांगितला नाही.

शुक्रवारी फोन आला. "अंकल जी, दूरबीन हमारी हुई." आपण फौजेत आहोत, बदली होऊन नागपूरला येतो आहोत, सोमवारच्या आत माणूस पाठवून माल उचलतो. भावात घासाघीस नाही. भिंग कसं आहे, तिपाई हलते का, एक प्रश्न नाही. आमच्या बाजारात खरं गिऱ्हाईक आधी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतं, बोटांनी ओढून धागा पाहतं, ओल पाहतं, नाक मुरडतं आणि मग भाव पाडतं. ढिगात हात न घालता माल घेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तरी मला एवढंच वाटलं, की फौजी माणूस, मनाने मोठा असेल.

"टोकन भेज रहा हूँ," तो म्हणाला, आणि माझ्या खात्यात एक रुपया आला.

त्याने फक्त खातं चालू आहे का ते पाहिलं होतं. मी समजलो, इसार आला. आमच्याकडे इसार घेतला की माल त्याचा. मग दुसरा दुप्पट भाव घेऊन आला तरी त्याला दारातून परतवून लावायचं. फिरलात तर दुप्पट इसार परत करायचा आणि बाजारात खाली मान घालून चालायचं. इसार रुपयाचा की हजाराचा, हे कोणी विचारत नाही.

शनिवारी सकाळी दारव्ह्याहून प्रवासी जीपमध्ये दाटीने बसून एक शिक्षक आले. जाहिरात पाहून, पत्ता विचारत. बूट बाहेर काढून बसले आणि पाव तास दुर्बीण उलटीसुलटी केली.

"भिंगाच्या कडेले बुरशी धरली जी. माळ्यावर ठेवत होते काय?"

"हो."

"आन् तिपाईचा हा पेच घसरला आहे." मग त्यांनी भाव पाडला. तरी तो डिपॉझिटला पुरत होता. पैसे शर्टाच्या खिशात होते, वरून दिसत होते.

"सर, माफ करा. कालच इसार झाला."

"किती दिला?"

रुपया म्हणायची लाज वाटली. "दिला जी इसार."

"मग बरोबर आहे. पोरांना गुरू दाखवाचा होता. असो." चहा घेऊन ते जीप धरायला गेले. मी त्यांचा नंबर लिहून घेतला.

बायको दारात आली. "पैसा खिशात घालून माणूस बसला होता. तुमी त्याले चहा पाजून वाटे लावलं."

"शब्द दिला आहे."

"कोणाले? तोंड पाह्यलं काय त्याचं?"

दुपारी मुलगी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेली होती तेव्हा फौजीचा फोन आला. त्याने एक चौकोनी नक्षी पाठवली. ती स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. मला शंका आली, अगदीच काही गाढव नाही मी. माझ्या हिंदीत विचारलं, "पैसा तो मेरेको आना है, फिर पिन मैं कायको डालूँ?"

"अंकल जी, आप काम क्या करते हो?"

मी अभिमानाने सांगितलं.

"तो आपके यहाँ पैसा लेने वाला पहले साइन नहीं करता?"

करतो ना. वीस वर्षं मीच करून घेतो आहे. एखादा म्हातारा पेन हातात घेऊन घुटमळला, "पहिले पैसे दिसू द्या ना जी," म्हणाला, की मी व्हाउचर त्याच्याकडे सरकवून म्हणतो, "आधी सही." कितीदा तर पैसे त्या दिवशी नसायचेच, मालक म्हणायचे गुरुवारी. सही मात्र त्या दिवशीची. त्या चोराने माझंच वाक्य मला विकलं, आणि मी भाव न करता घेतलं. पिन टाकला. "फेल हो गया, एक बार और." मी दुसऱ्यांदा सही केली.

खात्यात चिल्लर उरली. तिच्यात त्याचा एक रुपया होता.

मुलगी आली, तिने मोबाइल पाहिला. "पिन सांगितला?"

"नाही. टाकला."

इथे पाहुणे हसतात.

ती झेरॉक्स छातीशी धरून खाली बसली. मग उठून मला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. त्यांनी अर्ज घेतला आणि माझी सही घेतली. रविवारी मी शिक्षकांना फोन केला, व्यवहार फिरला म्हणालो, दुर्बीण घेता का. ते म्हणाले, "काल दिली असती तर घेतली असती जी. ते पैसे घरी आले तशे दुसऱ्या कामाले लागले." मग थांबून म्हणाले, "पण एक सांगतो भाऊ, इसार पाळणारा माणूस लय दिवसांनी पाह्यला." मी धन्यवाद म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

सोमवारी डिपॉझिट भरलं गेलं नाही. पहिलं वर्ष मुलीने दिग्रस-यवतमाळ एसटीने येणं-जाणं केलं. अंधारात निघायची, अंधारात यायची, मांडीवरच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची, कंडक्टर उठवायचा. मला ती एक शब्द बोलली नाही. दोघींच्या वाट्याचं बायको बोलली. दुर्बिणीला नंतर कोणी विचारलं नाही, आणि गच्चीवर मी आणि मुलगी पुन्हा गेलो नाही.

त्या दिवाळीनंतर जिन सुरू झाली. एक बाई चिठ्ठी घेऊन टेबलाशी आली. मी व्हाउचर पुढे केलं. तिने पेन धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पैसे?"

"गुरुवारी."

"मग सही बी गुरुवारीच करतो ना जी."

तिचं बरोबर होतं. जगात ते मला जितकं कळलं होतं तितकं कोणालाच कळलं नसेल. काचेपलीकडे मालक बसले होते, मान खाली घालून, पण कान इकडे. मुलीचा एसटीचा पास त्या आठवड्यात संपत होता.

"सही आजच लागते, बाई," मी म्हणालो.

तिने आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून सावकाश, एक एक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं.