नकार देणाऱ्याने डोनट आणायचे

लोरीना प्रुइट आणि मी नन्सच्या शाळेत एका वर्गात होतो. माझे पती गेल्यावर तिनेच मला तिच्या बँकेत नोकरीला लावून दिलं. ती कर्जाचे अर्ज तपासायची. ओक्लाहोमात तेव्हा खनिज तेलाचा भाव चढत होता आणि जो तो विहिरी खोदायला कर्ज मागत होता. मंगळवारी कर्जसमिती बसे, तिथे मी टिपणं घेत असे.

समितीची एक रीत होती. कर्जाला जो नकार देईल, त्याने पुढच्या मंगळवारी सगळ्यांना डोनट आणायचे. अध्यक्ष हॉलिस टॅकेट यांनी ती गंमत म्हणून सुरू केली होती. माणूस दिलदार, कुणाच्या घरी मयत झालं तर स्वतः जेवण पोचवणारा.

लोरीना दर मंगळवारी डोनट घेऊन येऊ लागली.

"आली आमची बेकरी!" हॉलिस म्हणायचे. "तुझ्यापायी पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, बाई."

"तेल उतरलं तर या विहिरींना कोण विचारणार, ते सांगा आधी."

"उतरेल तेव्हा बघू. चॉकलेटचे आणलेस ना?"

सगळे हसत. तीही हसे. पण बढती मिळायची ती जास्त कर्ज वाटणाऱ्याला, आणि तरुण अधिकारी तिच्या शेजारी बसेनासे झाले. तिचा नवरा डेल पाठीने अधू होता. घर तिच्याच पगारावर चाले, आणि म्हातारपणची पुंजी आम्हा सगळ्यांसारखी बँकेच्याच शेअरमध्ये.

मग एका खोदकाम कंपनीचा अर्ज आला. एवढं मोठं कर्ज बँकेने कधीच दिलं नव्हतं, आणि तारण होतं न खोदलेल्या विहिरींचं.

"हे बुडालं तर बँकही जाईल गं," लोरीना आदल्या दिवशी मला म्हणाली. "उद्या मी हटणार नाही."

बैठकीत हॉलिसनी विचारलं, "मग, बेकरी? डोनट कुणाकडून?"

सगळे आधीच हसायला लागले. लोरीनाने तोंड उघडलं, मिटलं. हातातला कागद खाली ठेवला.

"या वेळी कुणाकडून नाही."

टाळ्या पडल्या.

पुढे तेल उतरलं, कंपनी बुडाली. एका शुक्रवारी सरकारी माणसांनी बँकेला टाळं लावलं. सोमवारी ती दुसऱ्याच नावाने उघडली. ठेवी वाचल्या. आमचे शेअर मातीमोल झाले.

आम्ही सामान आवरत असताना हॉलिस लोरीनाच्या टेबलाशी आले.

"तुला एवढं दिसत होतं, तर त्या दिवशी बोलली का नाहीस गं?"

त्यांना खरंच कळत नव्हतं.

"डेल गाडीत थांबलाय," लोरीना एवढंच म्हणाली आणि कोटाची बटणं लावू लागली. ती काही केल्या लागेनात. शेवटी मी पुढे होऊन लावून दिली.