कंपौंडरची चूक

२०२३ साल. माझं वय तेव्हा बहात्तर. लेक पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची, म्हणून टेंभुर्णीच्या घरातली गुरांच्या सरकी पेंडीची खोली मी तिला रिकामी करून दिली. पोती ओसरीत आली, आत टेबल अन् कॉम्प्युटर गेला.

एक दिवस ती जेवायला उठेना. म्हणाली, "अण्णा, मी लिहिलेलं बराबर हाय. कंपायलर चुकतोय."

माझी शाळा तिसरीपर्यंत. मला ऐकू आलं कंपौंडर. म्हटलं, "म्हंजे डॉक्टरची चिठ्ठी बराबर, अन् पुडी बांधणाऱ्यानं भलतंच औषध दिलं?"

ती हसली. त्यानंतर तिला हसताना पाहिलं न्हाई.

"तसंच समजा. मी लिहिते ते तो मशीनच्या भाषेत करून देतो. माझ्या लिखाणात एक बाप हाय, एक लेक. बापाचं सगळं लेकीत येतं, वर तिचं स्वतःचंबी असतं. बापाच्या जागी लेक चालते. पण ह्या ठिकाणी तिनं लेकच राह्यचं, असा नियम हाय. अन् हा तिला बाप करून टाकतो. तिचं स्वतःचं तेवढं गळून जातं."

"न विचारता?"

"न सांगताबी."

तिचा साहेब फोनवर ओरडला ते मी दारातून ऐकलं. "कंपायलर चुकतो होय? 'चूक माझी' असं लिहून दे अन् विषय संपव. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "लिहून द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई. माझी लेक हाईस तू."

तिनं दिलं न्हाई. नोकरी गेली.

कंपायलर बनवणाऱ्यांना तिनं आधीच कळवलं होतं. त्यांचा जबाब नंतर आला, 'चूक आमचीच.' तिनं तो साहेबाला पाठवला, तिकडून काहीच आलं न्हाई. खरं ठरलं की पुरे, असं मी जन्मभर धरून चाललो. खरं ठरून काय झालं? कॉम्प्युटर तसाच बंद, अन् पोरगी त्याच्यासमोर बसून.

मी म्हटलं, "बघ, आपलंच बराबर निघालं."

"आपलं न्हाई अण्णा, तुमचं. मला लिहून द्यायचं होतं. तुम्ही विचारलंच न्हाई."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल भिंतीला सारलं अन् पेंडीची पोती परत आत रचली. तिला न विचारता.