नानांचा फोटो आणि कुंदाचा बाजार

निम्मे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, खाटेवर थापून झाले होते, निम्मा घाटा अजून पातेल्यात वाफाळत होता, तेवढ्यात चुडामण गच्चीवर आला. ज्वारीचा घाटा कोणासाठी थांबत नाही. निवला की बिबडा थापताना फाटतो. चुडामणला त्याचं काय? गॉगल कपाळावर चढवून तो म्हणाला, "ताई, फ्लॉपी भरी गई. तुमचा बाजार काढावा लागला."

कुंदाचा हात खाटेवर अंथरलेल्या ओल्या धोतरावर तसाच राहिला.

ही कुंदा म्हणजे आमच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. माहेर धरणगावचं, सासर सोनगीरचं. नवरा सुकदेव हायवेवर पंक्चरचं दुकान चालवतो. सोनगीरच्या शाळेत ती पाचवीला इंग्रजी शिकवायची, पण कच्च्या नोकरीत. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला घरी. संस्थेचे अध्यक्ष नाना तिला म्हणाले होते, "बी.एड. करून ये, लगेच कायम करतो." म्हणून पोरं सासूकडे ठेवून ही बाई वर्षभरासाठी इथं देवपुरात आली. कॉलेज नानांचं, सोनगीरची शाळा नानांची, आणि गॉगलवाला चुडामण नानांचा सख्खा पुतण्या. एकूण काय, सगळं घरातल्या घरात.

तर गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवला, कॉलेजात दोन कॉम्प्युटर आले. एक प्राचार्यांच्या खोलीत, भरतकामाचा रुमाल पांघरून बसला तो बसलाच. दुसरा सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून. इंग्रजी शिकवणारे सर पुण्याला चार दिवस शिबिराला जाऊन आले आणि येताना 'सहकार्य' एवढा एकच शब्द घेऊन आले. चार-चार जणांचा गट करायचा, सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरवर पाचवीचा इंग्रजीचा धडा तयार करायचा, आणि एका गटाची एकच फ्लॉपी. दुसरी मागितली तर सर म्हणत, "दोन फ्लॉप्या म्हणजे दोन चुली. सहकार्य कुठे राहिलं?"

कुंदाच्या गटाचं सहकार्य मी वर्षभर डोळ्यांनी पाहिलं. पितांबर नावाचा एक होता, तो आवाज भरणार होता. लग्नसराई लागली आणि तो हळदीला गेला तो परतलाच नाही. इंदिराबाई चित्रं काढणार होत्या. त्यांनी एक सफरचंद काढलं आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं. चुडामण गटप्रमुख, कारण कॉम्प्युटर ट्रकमधून उतरवताना तो तिथं उभा होता. राहिली कुंदा. तिनं सोनगीरचा आठवडे बाजार फ्लॉपीत बसवला. वांगं यायचं, केळ्याचा घड यायचा, मिरची यायची, आणि कुंदाचाच आवाज विचारायचा, "व्हॉट इज धिस?" पोरानं उत्तर दिलं की पुढचं दुकान. तिचं म्हणणं साधं होतं. आपल्या पोरांनी बर्फ पाहिलेला नाही, टोपीवाला साहेब पाहिलेला नाही. वांगं तरी पाहिलंय. वांग्याला घाबरणार नाहीत.

तोच बाजार चुडामणनं काढला होता.

"का काढला?" कुंदानं विचारलं.

"जागा नव्हती ना ताई. नावं बसवायची होती."

मग त्यानं नावं सांगितली आणि माझ्या हातातला बिबडा फाटला. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर त्या घरचं माणूस जेवायला येत नाही. म्हणून पत्रिकेत आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे असतात. चुडामणनं इंग्रजीच्या धड्याची तशी पत्रिका केली होती. वर गणपती. खाली 'आशीर्वाद' म्हणून नानांचा हार घातलेला रंगीत फोटो, स्टुडिओतून कॉम्प्युटरमध्ये चढवून आणलेला. मग प्रेरणास्थान, मार्गदर्शक, विशेष सहकार्य, संकल्पना. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'साहाय्य : कुंदाताई'.

"आणि धडा कुठे आहे?" मी विचारलं.

"अक्का, शेवटी एक सफरचंद ठेवलंय ना!"

"मनी बठ्ठी मेहनत पाणीमा गई ना रे!" कुंदा ओरडलीच. रागावली की ती शुद्ध भाषेत रागावत नाही. "उद्या जळगावचे परीक्षक धडा बघायला येणार, ते काय सफरचंदाला मार्क देतील? मी नापास झाले तर?"

"नानांचा फोटो पाहिल्यावर कोण नापास करतं?" चुडामण हसला. "आणि उद्या नाना स्वतः येऊ राहिले, शाल पांघरून. त्यांचा फोटो नाही दिसला तर तुमचं सोनगीर विसरा ताई. मी आपलं सांगून ठेवतो." आणि निघताना खाटेवरचा ओला बिबडा बोटानं उचलून तोंडात टाकून गेला. वाळायच्या आधी खाणारी ही जात.

फोटो लहान करता येतो म्हणे, जागा कमी खातो. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं, पुणं पाहून आलेल्या सरांनाही नाही.

उरलेला घाटा गोठला. मी तो गाईला घातला. कुंदा कठड्याला टेकून बसली होती. बाजाराची एक प्रत तिच्या स्वतःच्या फ्लॉपीत होती, म्हणजे तो परत बसवता येत होता. पण त्यासाठी नानांना काढावं लागणार होतं. बाजार ठेवावा तर कायमची नोकरी जाते, नाना ठेवावेत तर ज्या बी.एड.साठी पोरं सोडून आली तेच जातं.

"अक्का, तुम्ही काय कराल?"

"मी गणपतीला हात लावणार नाही," मी म्हटलं. "बाकीच्यांचं तू बघ. किती जागा खातो गं गणपती?"

"काहीच नाही. तो टाइपातला आहे, अक्षराएवढा."

"बघ म्हणजे. देवाला जागा लागत नाही, नानांना लागते."

आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिराचंही तेच आहे. दत्ताची मूर्ती वीतभर आणि देणगीदारांची फरशी हातभर. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव. पंखा फिरतो तोवर बरं, वीज गेली की कोणी दिला ते वाचत बसायचं.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या भरायला माणसं हवी होती म्हणून कॉलेजनं घरमालकांनाही बोलावलं. मी गेले. चुडामण हार आणायला बाजारपेठेत गेला होता. तेवढ्यात कुंदा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली आणि तिनं काय करायचं ते केलं. मग परत येऊन माझ्या शेजारी बसली.

नाना आले. शाल, नारळ, प्रास्ताविक, तीनदा नमस्कार. मग पडदा उजळला. गणपती आला. नाना खुर्चीत सरळ झाले, केसांवरून हात फिरवला. आणि पडद्यावर आलं वांगं.

"व्हॉट इज धिस?" कुंदाच्या आवाजानं विचारलं.

नाना वांग्याकडे बघत होते आणि चुडामण नानांकडे. नाना हळूच म्हणाले, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं, "चुडामण, मी केव्हा येणार?"

"येतीलच नाना, येतीलच."

केळी आली, मिरची आली, बाजार उठला, नाना काही आले नाहीत. जळगावचे परीक्षक मात्र खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी दोन दुकानं परत दाखवायला सांगितली आणि कुंदाला प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. गटाला उत्तम मार्क पडले. गटाला म्हणजे चौघांना सारखे. हळदीला गेलेल्या पितांबरला, डोकं दुखलेल्या इंदिराबाईंना आणि चुडामणलाही. सहकार्य ना! चुडामणनं पेढे वाटले, स्वतःच्या नावानं.

कुंदा बी.एड. झाली. जूनमध्ये सोनगीरच्या शाळेत इंग्रजीची कायमची जागा भरली, आणि तिथं चुडामण लागला. नानांनी कुंदाला निरोप धाडला, "बाई हुशार आहे, पण मोठ्यांचा मान ठेवत नाही." मान म्हणजे वांग्याच्या जागी बसायची हौस, हे त्यांना सांगणार कोण?

परवा कुंदा खोली रिकामी करायला आली. सुकदेव ट्रंक उचलून खाली गेला. मी विचारलं, "पस्तावलीस का गं?"

"सोनगीरच्या शाळेतली पोरं हातची गेली त्याचं वाईट वाटतं, अक्का. त्यांना आता सफरचंद शिकवतील." खोलीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "पण नापास होऊन गेले असते तर दुसऱ्या कोणाच्या दारात उभीसुद्धा राहू शकले नसते."

मी तिची ओटी भरली. धरणगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीची एक जागा आहे असं तिच्या भावानं कळवलंय. उद्या सकाळच्या एस.टी.नं ती तिथल्या मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे.